क्लस्टर डोकेदुखी : निदान

डोक्याच्या एकाच बाजूस, डोळ्याभोवती वा कानशिलात, ठरावीक काळ जवळपास रोज येणाऱ्या असह्य वेदनांचा विकार. हे झटके काही आठवडे वा महिने पुंजक्याने येतात व नंतर थांबतात. म्हणून हे नाव. निदान मुख्यतः रुग्णाच्या कथनावरून होते. ते सिद्ध करणारी रक्ततपासणी नाही.

आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेच्या २०१८ च्या वर्गीकरणानुसार किमान ५ झटके आवश्यक आहेत. उपचाराविना प्रत्येक झटका १५ ते १८० मिनिटे टिकतो. वारंवारता दिवसाआड एक ते दिवसाला आठ असते. त्याच बाजूचा डोळा लाल होणे, पाणी येणे, नाक चोंदणे, पापणी झुकणे वा बाहुली आकसणे, किंवा कमालीची अस्वस्थता आढळते.

अर्धशिशीचा रुग्ण अंधारात निश्चल पडून राहतो. क्लस्टर डोकेदुखीचा रुग्ण येरझाऱ्या घालतो. हा फरक निदानास मोलाचा ठरतो. दातदुखी, सायनसचा दाह व काचबिंदूचा तीव्र झटका यांच्याशी गल्लत होऊन निदान लांबते. पियूषिका ग्रंथीची गाठ वा अन्य कारण वगळण्यासाठी मेंदूचे एमआरआय करतात.

रुग्णालयात जाताना झटक्यांची वेळ, बाजू व कालावधी यांची रोजची नोंद रुग्णाने सोबत न्यावी. डॉक्टरांना तिचा मोठा उपयोग होतो. अचानक उद्‌भवलेली अतितीव्र डोकेदुखी, ताप, मान ताठरणे वा हातापायांत अशक्तपणा असल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.