पाणपोई आणि नळ

आमच्या कोपरगावच्या अंगाला लागून गोदावरी वाहते. तरीही उन्हाळ्यात घरोघर एकच प्रश्न असतो : कालव्याला आवर्तन कधी सुटणार, आणि नळाला पाणी कधी येणार? तहानलेल्याला पाणी पाजणं हे पुण्य, असं आपल्याला लहानपणीच शिकवलेलं असतं. वैशाखात कुणी पाणपोई घालतं, मोहरममध्ये कुणी सबील लावतं. पण पाणपोई दात्याच्या पुण्याची असते, नळ माणसाच्या हक्काचा असतो. हा फरक महाराष्ट्राला नीट समजावून दिला तो मृणाल गोरे यांनी.

१९२८ साली जन्मलेल्या मृणालताईंनी वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडलं आणि राष्ट्र सेवा दलाचं काम पत्करलं. १९४८ मध्ये समाजवादी कार्यकर्ते केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दोघांनी गोरेगावात बिऱ्हाड थाटलं. महिला मंडळ, कुटुंबनियोजन, वस्तीतल्या अडीअडचणी अशी कामं सुरू झाली. १९५८ मध्ये बंडू गोरे गेले. पदरी लहान मुलगी होती, तरी मृणालताईंनी काम थांबवलं नाही.

१९६१ मध्ये त्या मुंबई महापालिकेत निवडून आल्या. झोपडपट्टी बेकायदा, म्हणून तिथे नळ नाही, असा तेव्हाचा हिशेब होता. झोपडी बेकायदा असेल, पण तहान बेकायदा कशी? मृणालताईंनी बायकांना संघटित केलं, मोर्चे काढले, सभागृह दणाणून सोडलं. लोकांनी त्यांना नाव दिलं, ‘पाणीवाली बाई’. १९७२ मध्ये त्या आमदार झाल्या. त्याच काळात अहिल्याताई रांगणेकर, प्रमिलाताई दंडवते यांच्यासह महागाईविरोधात त्यांनी लाटणं हाती घेतलं. आणीबाणीत तुरुंगवास सोसला आणि १९७७ मध्ये उत्तर मुंबईतून त्या लोकसभेवर गेल्या. १९८५ मध्ये त्या पुन्हा विधानसभेत आल्या. गर्भलिंगनिदानावर निर्बंध आणणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, त्यामागे त्यांचाही आग्रह होता. पुढे सहकाऱ्यांबरोबर त्यांनी गोरेगावच्या दिंडोशीत हजारो सामान्य कुटुंबांना घरं मिळवून दिली. १७ जुलै २०१२ रोजी त्यांचं निधन झालं.

सेवा करणारा राजकारणात गेला की आपण हळहळतो : चांगला माणूस वाया गेला! मृणालताईंकडे पाहिलं की ही हळहळ खोटी ठरते. त्यांनी सेवा सोडली नाही, तिला कायद्याचं आणि अंदाजपत्रकाचं बळ दिलं.

मात्र उलटंही घडतं. निवडणूक आली की दारात टँकर उभा राहतो, त्यावर मोठ्या अक्षरात नाव असतं. आपण ते नाव लक्षात ठेवतो आणि मत देतो. जमिनीखालच्या जलवाहिनीवर मात्र कुणाचं नाव नसतं. ती टाकून घेणारा माणूस ओळखायला मतदाराची नजर लागते.