विस्तार कार्डाद्वारे बाह्य हार्ड डिस्क जोडणी (नांदेड-लातूरच्या संदर्भात)

लॅपटॉपच्या कडेच्या खाचेत सरकवून त्याला मुळात नसलेली जोडणी देणारे चपटे कार्ड म्हणजे विस्तार कार्ड. बाह्य हार्ड डिस्कसाठी त्याचा भर साधारण 2000 ते 2012 या काळात होता. अशा कार्डांची मानके ठरवणारी पीसीएमसीए ही संघटना 1989 मध्ये स्थापन झाली. तिने 1995 मध्ये 32 बिटांचे कार्डबस आणले आणि 2003 मध्ये एक्सप्रेसकार्ड. पहिल्याला 68 पिना, दुसऱ्याला 26. एकाचे कार्ड दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही, आणि जुन्या लॅपटॉपसाठी सेकंडहँड कार्ड घेणारा नेमका इथेच फसतो. एक्सप्रेसकार्डातही 34 आणि 54 मिलिमीटर अशा दोन रुंदी आहेत. अरुंद कार्ड रुंद खाचेत चालते, उलट चालत नाही. या कार्डांची प्रतवारी सहसा वेगावरून लावली जाते. भारनियमन सोसलेल्या नांदेड-लातूरसारख्या भागात मात्र ती विजेवरून लावली पाहिजे. डिस्कला वीज कुठून मिळते, हा तिथे पहिला प्रश्न ठरतो आणि वेगाचा प्रश्न त्याच्या मागून येतो.

वेगाची बाजू आधी पाहू, कारण ती खोटी नाही. लग्नाचे चित्रीकरण मिनी-डीव्ही टेपवर होत असे तेव्हा तासाभराच्या टेपची फाइल सुमारे 13 जीबीची होई. जुन्या लॅपटॉपच्या यूएसबी 1.1 मधून ती डिस्कवर जायला साडेतीन तासांच्या वर लागत. त्यात यूएसबी 2.0 चे कार्डबस कार्ड घातले की तेच काम सात-आठ मिनिटांत होई. ही झेप खरोखर मोठी होती. पण पुढची पायरी, म्हणजे एक्सप्रेसकार्डातून ई-साटा (बाह्य डिस्कसाठीची साटा जोडणी), तेवढी मोठी नव्हती. कागदावर ई-साटाचा वेग सेकंदाला 3 गिगाबिट. त्या काळची फिरती डिस्क मात्र सेकंदाला 70-80 एमबीच्या आसपासच लिही. म्हणजे सात मिनिटांची तीन झाली. सहा टेपांच्या लग्नामागे पंचवीसेक मिनिटे वाचली. त्यातही लॅपटॉपला खाच बहुधा एकच. कॅमेऱ्यासाठी फायरवायरचे कार्ड त्यात बसले की डिस्क पुन्हा यूएसबीवरच येई.

या पंचवीस मिनिटांची किंमत विजेत मोजावी लागे. ई-साटाची केबल फक्त डेटा नेते, वीज नेत नाही. एक्सप्रेसकार्डाच्या खाचेत 3.3 आणि 1.5 व्होल्ट मिळतात. डिस्कला लागणारे 5 व्होल्ट तिथे नसतातच. साडेतीन इंची डिस्कला तर 12 व्होल्टही हवे. म्हणून ई-साटाची डिस्क आली की भिंतीतल्या प्लगला लावायचा अडॅप्टरही आला. महावितरणने (स्थापना 2005) त्या वर्षांत वीजगळती आणि थकबाकीनुसार फीडरचे गट पाडून भारनियमनाचे तास ठरवले होते, आणि मराठवाड्यातल्या बऱ्याच फीडरच्या वाट्याला जास्त तास आले. उन्हाळा, लग्नसराई आणि विजेचा तुटवडा हे तिन्ही एकाच वेळी येत. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पडद्यावरची कॉपीची हिरवी पट्टी पुढे सरकल्यासारखी दिसते, पण डिस्कचे फिरणे थांबलेले असते.

यात डिस्क यांत्रिकदृष्ट्या सहसा वाचते. वीज तुटताच फिरत्या तबकडीच्या उरलेल्या गतीतून मिळालेल्या विजेवर ती आपली हेड बाजूला घेते. नुकसान होते ते माहितीचे. विंडोज यूएसबी डिस्कला काढता येणारी वस्तू समजून तिच्यावर शक्यतो लगेच लिहिते. ई-साटाची डिस्क मात्र बऱ्याचदा यंत्रातलीच डिस्क समजली जाते आणि मजकूर आधी स्मृतीत साठवून मग सवडीने लिहिला जातो. ई-साटाच्या वेगाचा काही भाग या उधारीतूनच येतो, आणि लाइट गेली की उधारी बुडते. एनटीएफएसची नोंदवही फाइलींची मांडणी सावरते. अर्धवट राहिलेल्या फाइलीतला मजकूर ती परत आणत नाही. एफएटी 32 मध्ये तीही सोय नाही, आणि 4 जीबीच्या मर्यादेमुळे 13 जीबीची फाइल त्यात अखंड मावतही नाही.

म्हणून लॅपटॉपमधूनच वीज घेणारी यूएसबी डिस्क बरी. यावर पहिला आक्षेप इन्व्हर्टरचा. स्टुडिओत इन्व्हर्टर असेल तर हा प्रश्नच उरत नाही, असे म्हटले जाते. पण साध्या इन्व्हर्टरला मेन्सवरून बॅटरीवर जायला क्षणभर लागतो. तेवढ्यात अडॅप्टर तग धरतो की नाही, हे त्याच्या दर्जावर ठरते, आणि डिस्कच्या खोक्यात येणारे स्वस्त अडॅप्टर या परीक्षेला उतरतीलच असे नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लॅपटॉपच्या यूएसबी 2.0 मधून ठरलेली वीज फक्त 500 मिलिअँपिअर. अडीच इंची डिस्कला सुरू होताना त्याहून जास्त लागते, आणि मग ती टकटक करत बसते. हे खरे आहे. पण दोन तोंडांची केबल लॅपटॉपच्या दोन पोर्टांत लावली की हा प्रश्न बहुतेक वेळा सुटतो, आणि डिस्क लॅपटॉपच्याच बॅटरीवर चालते. चार मिनिटे हळू, पण लाइट जाण्या-येण्याशी तिचा संबंध उरत नाही.

2008 मध्ये यूएसबी 3.0 चे मानक आले, 2012 मध्ये इंटेलने ते चिपसेटमध्येच दिले आणि नव्या लॅपटॉपमधून ही खाच नाहीशी झाली. जुना लॅपटॉप वापरणाऱ्याला यूएसबी 3.0 चे एक्सप्रेसकार्ड अजून उपयोगी पडते. पहिल्या पिढीच्या खाचेची मर्यादा सेकंदाला 250 एमबी असली तरी फिरत्या डिस्कला ती पुरून उरते. मात्र 5 व्होल्टची अडचण इथेही तीच, म्हणून कार्डाला वीज देणारी वेगळी शेपटी लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टात लावावी, भिंतीतल्या प्लगला नव्हे. हे सारे लॅपटॉपची बॅटरी जिवंत असेपर्यंतच लागू आहे. ती मेली असेल तर चांगल्या यूपीएसवरची साडेतीन इंची डिस्क आणि ई-साटाचे कार्ड हीच जोडी बरी.