रेणुसूत्र एकच, मग उत्कलनांक वेगळा का? परीक्षेत उत्तर कसं लिहायचं?

दोन कार्बन, सहा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन. एवढ्याच अणूंपासून दोन वेगळे पदार्थ तयार होतात. पहिला इथेनॉल, म्हणजे हँड सॅनिटायझरमधलं अल्कोहोल. दुसरा डायमिथाइल इथर, जो स्प्रेच्या डब्यांमध्ये वापरतात. इथेनॉल ७८ अंश सेल्सिअसला उकळतं. इथर मात्र उणे २५ अंशांच्या आसपासच. असं का?

१. आधी रचना काढा
कार्बनचे ४, ऑक्सिजनचे २ आणि हायड्रोजनचा १ बंध मोजून घ्या. इथेनॉलमध्ये दोन्ही कार्बन एकमेकांना जोडलेले असतात आणि ऑक्सिजन टोकाला असतो. इथरमध्ये ऑक्सिजन दोन कार्बनच्या मधोमध असतो. रेणुसूत्र सारखं, रचना वेगळी, म्हणून हे समघटक.

२. क्रियात्मक गट ओळखा
इथेनॉलमध्ये ऑक्सिजनला थेट हायड्रोजन जोडलेला आहे, म्हणजे हा अल्कोहोल गट. इथरमध्ये तसा हायड्रोजन नाही.

३. कारण लिहा
या हायड्रोजनमुळे इथेनॉलचे रेणू एकमेकांशी हायड्रोजन बंध तयार करतात. ते सोडवायला जास्त उष्णता लागते. इथरच्या रेणूंमध्ये आपापसात असे बंध होत नाहीत, म्हणून तो लवकर उकळतो.

गुण कुठे जातात?
‘उकळताना सहसंयुज बंध तुटतात’ असं लिहिलं, तर उत्तर चुकतं. उकळताना रेणू फक्त एकमेकांपासून दूर जातात. रेणूच्या आतले बंध शाबूत राहतात. वाफ झाली तरी इथेनॉल हे इथेनॉलच असतं.