एका मोहोळाचीं दोन

मधमाशांच्या भरल्या मोहोळांत राणीमाशी एकच असते. मग अशा मोहोळाचे दोन भाग केले, तर बिनराणीच्या भागाचें काय व्हावें? या एका प्रश्नापाशीं युरोपांतील मधुपालक शतकानुशतकें अडून बसला होता. तो गवताच्या विणलेल्या टोपलींत माशा पाळी. नवें मोहोळ हवें असेल, तर थवा आपण होऊन बाहेर पडण्याची वाट पाहावयाची. आणि मध हवा असेल, तर सर्वांत जड टोपली जळत्या गंधकाच्या खड्ड्यावर ठेवून आंतील माशा मारावयाच्या! जें मोहोळ उत्तम, तेंच आधीं मरे.

ही कोंडी फोडली जर्मनीच्या लाउझिट्स भागांतील क्लाइनबाउत्सन गांवच्या एका धर्मोपदेशकानें. आडाम गोटलोब शिराख (१७२४–१७७३) हें त्याचें नांव. त्यानें लहान पेट्यांत थोड्या कामकरी माशा व अंडीं-अळ्या असलेला पोळ्याचा तुकडा कोंडून ठेवला. राणी मुद्दामच दिली नाहीं. कांहीं दिवसांतच माशांनीं साध्या अळ्यांभोंवतीं राणीचीं मोठीं घरें बांधलीं. म्हणजे कामकरी माशीची कोवळी अळीहि योग्य पोषण मिळाल्यास राणी होते. राणी जन्मतःच राणी असते, असें मीं वर्गांत कित्येक वर्षें सांगितलें. त्याची आज लाज वाटते.

जिनीव्हाचा थोर शास्त्रज्ञ शार्ल बॉने याचा प्रथम विश्वास बसेना. पण त्याच शहरच्या फ्रान्स्वा ह्यूबर यानें तो प्रयोग पुन्हां करून खरा ठरविला. ह्यूबर अंध होता. पाहण्याचें काम त्याचा सेवक ब्युर्नेन्स करी. दोन मोहोळांतील एकूणएक माशी हातीं धरून तपासावयास या माणसानें एकदां अकरा दिवस घालविले! ह्यूबरची पेटी पुस्तकाच्या पानांसारखी उघडे, आणि मधोमध विलग केली कीं मोहोळाचे दोन भाग होत. त्याचीं निरीक्षणें १७९२ सालीं बॉनेस लिहिलेल्या पत्रांच्या रूपानें प्रसिद्ध झालीं. पुढें १८५१ सालीं अमेरिकेंत लँगस्ट्रॉथनें सुट्या चौकटींची पेटी योजली, तेव्हां ही वाटणी कोणासहि साधूं लागली.

वाटणी मात्र बलवान् मोहोळाचीच करावी. बिनराणीच्या भागांत ताजीं अंडीं व कोवळ्या अळ्या हव्यातच. अंड्यापासून राणी बाहेर यावयास सुमारें सोळा दिवस लागतात, आणि ती स्वतः अंडीं घालूं लागेपर्यंत आणखी कांहीं दिवस जातात. तोंवर जुन्या माशा मरतच असतात. दुबळा भाग तेवढा काळ तग धरीत नाहीं. या दिवसांत पेटी वारंवार उघडून पाहण्याचा मोह फार होतो. तो आवरावा.