गाडीचा स्टँड आणि वारा

मंडळी, मोटरसायकलच्या इतिहासावर लिहिणारे सगळे इंजिनाबद्दल लिहितात. किती सीसी, कुठली शर्यत, कुठला रेकॉर्ड. पण गाडी आयुष्यातला बहुतेक वेळ धावत नाही, उभी असते. दोन चाकांची वस्तू उभी ठेवायची कशी, आणि वारा सुटला की ती उभी राहील का, हा इतिहास मात्र फारसा कोणी सांगत नाही. म्हटलं, या वीकेंडला आपणच सांगू.

सुरुवात १८८५ सालची. जर्मनीत डाइमलर आणि मायबाख यांनी लाकडी सांगाड्यात पेट्रोलचं इंजिन बसवून ‘राइटवागन’ बनवली. तिला दोन मुख्य चाकं होतीच, शिवाय दोन्ही बाजूंना एकेक छोटं आधाराचं चाक होतं. लहान मुलांच्या सायकलला असतं ना, अगदी तसंच. म्हणजे पहिल्या मोटरसायकलला स्टँडची गरजच नव्हती! पुढे ही आधाराची चाकं गेली आणि प्रश्न सुरू झाला.

त्यावरचं पहिलं रूढ उत्तर म्हणजे मागचा स्टँड. मागच्या आसाजवळ बिजागरीवर बसवलेली इंग्रजी ‘यू’च्या आकाराची लोखंडी चौकट. गाडी मागे ओढायची, चाक अधांतरी, काम झालं. निघताना गाडी पुढे ढकलायची आणि चौकट उचलून मडगार्डला अडकवायची. या चौकटीचे उपयोग तीन. सुरुवातीच्या बऱ्याच गाड्यांना क्लच नसे, त्यामुळे चाक हवेत ठेवून पायडल मारत इंजिन सुरू करता येई. पंक्चर तर रोजचंच, तेव्हा चाक काढायला सोय. आणि तिसरा, गाडी सरळ उभी राही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने वापरलेल्या ट्रायम्फच्या मॉडेल एच गाड्यांनाही असाच मागचा स्टँड होता.

गाड्या जड झाल्या तसा स्टँड मागून मधे सरकला. हाच आपला मेन स्टँड, उर्फ डबल स्टँड. गाडीचं वजन साधारण त्याच्यावरच येतं, म्हणून पायाने दाब देऊन एकटा माणूस गाडी चढवू शकतो. साइड स्टँडची कल्पना वेगळी. गाडी उचलायचीच नाही, एका पायावर तिरकी टेकवायची. दोन सेकंदांचं काम. या दोन सेकंदांपायीच तो जिंकला, बरं का. मजबुतीपायी नव्हे.

आपल्याकडे १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया सुरू झाली. साठच्या दशकात म्हैसूरची जावा आणि एस्कॉर्ट्सची राजदूत आली, १९७२ मध्ये बजाज चेतक. मेन स्टँड हे त्या जमान्यातलं रोजचं काम. घरी आलं की गाडी ‘चढवायची’ हा बापमाणसांचा शेवटचा व्यायाम असे. :-) आजच्या बऱ्याच मोटरसायकलींना मेन स्टँड मिळतच नाही. वजन वाढतं, सायलेन्सर आड येतो, किंमत वाढते. कारणं पटण्यासारखी आहेत. पण या सौद्यात आपण काय दिलं ते वारा सुटल्यावर कळतं.

आता थोडं इंजिनिअरिंग (डिग्री घेतलीये तर वापरू द्या की). १८० किलोची गाडी घ्या. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंमी, साइड स्टँडवर डावीकडे १० अंश कललेली. म्हणजे गाडीचं वजन चाकांच्या रेषेपासून जेमतेम साडेनऊ सेंमी डावीकडे. गाडीला उजवीकडे पडू न देणारं जे काही आहे ते एवढंच! याचा आघूर्ण येतो सुमारे १७० न्यूटन-मीटर. वारा डावीकडून आला, गाडीची बाजू ०.८ चौरस मीटर धरली आणि वाऱ्याचा जोर ६० सेंमी उंचीवर धरला, तर ताशी ६० किमीला तो ८० न्यूटन-मीटर लावतो. गाडी हलेल, पडणार नाही. ताशी ९० ला हाच आकडा १८०. गाडी आडवी. वेग दीडपट, जोर सव्वादोनपट, कारण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो.

आता त्याच गाडीवर कव्हर घाला. बाजू १.२ चौरस मीटर झाली, तर ताशी ७५ मध्येच खेळ खलास. कव्हर म्हणजे शीडच. पावसापासून गाडी वाचवायला घालतो आणि वाऱ्याच्या हवाली करतो.

हे आकडे ढोबळ आहेत, पण काल्पनिक नाहीत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किमी होता. रेल्वेने तर रामेश्वरच्या जुन्या पांबन पुलासाठी मर्यादा ठरवून दिली होती: वारा ताशी ५८ किमीच्या वर गेला की गाडी सोडायची नाही. मोटरसायकलवाल्याला असा सिग्नल कोणी देत नाही. तो आपला आपणच वाचायचा.

तर वाचायचा कसा? शक्य असेल तर गाडीचं तोंड वाऱ्याकडे करा, म्हणजे वाऱ्याला बाजू मिळतच नाही. ते जमत नसेल तर वारा उजवीकडून येऊ द्या, म्हणजे तो गाडीला स्टँडवरच दाबेल. इंजिन बंद करून पहिला गिअर टाका, हँडल डावीकडे लॉक करा. स्टँडखाली सपाट दगड किंवा फळकूट ठेवा, कारण तो सगळा दाब एका छोट्या पायावर येतो आणि ओल्या मातीत पाय रुततो. मेन स्टँड असेल तर तो दोन्ही बाजूंना सारखा आधार देतो, पण मागून वारा आला तर गाडी पुढे सरकून स्टँडवरून उतरू शकते. कव्हर काढा. झाडाखाली, होर्डिंगखाली नकोच. आणि स्टेशनबाहेरच्या रांगेत खेटून लावू नका. पहिली गाडी पडली की पत्त्यांसारख्या बाकीच्या, आणि रांगेतून वाट काढणारं कोणाचं तरी पोर मधे असू शकतं.

गंमत बघा. कायद्याने स्टँडकडे लक्ष दिलंय. युरोपने १९९३ मध्ये दुचाकींच्या स्टँडसाठी वेगळा निर्देश काढला. आपल्याकडे २०२० मध्ये बीएस-६ आल्यानंतर बऱ्याच गाड्यांत साइड स्टँड खाली असेल तर इंजिन बंद ठेवणारा स्विच दिसू लागला. तो हवाच, कारण स्टँड वर न करता निघालेला माणूस डाव्या वळणावर आपटतो. पण ही सगळी काळजी गाडी निघतानाची. गाडी उभी असतानाची काळजी अजूनही मालकाच्याच डोक्यावर.

ज्याचं पोट डिलिव्हरीवर आहे, त्याची मोडलेली क्लच लिव्हर म्हणजे बुडालेला दिवस. त्यामुळे किल्ली काढल्यावर एकदा झाडाची पानं कुठे झुकलीत ते बघायचं. पाच सेकंद लागतात. साइड स्टँडने वाचवलेल्या वेळापेक्षा तीन जास्त, पण परवडतात.