आपल्या जिल्ह्याचे तीन काठ

वाचकहो, शाळेच्या सहलीची गोष्ट निघाली की मुले प्रथम समुद्राचे नाव घेतात. मुरुडचा जंजिरा पाहावा, ओहोटीच्या वेळी अलिबागच्या कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जावे, ही त्यांची हौस रास्तच आहे. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला जुने तट आणि मधून सावकाश चाललेली वाट, असे सुख लहानथोर सर्वांना मानवते. धाराशिव जिल्हा, म्हणजे पूर्वीचा उस्मानाबाद, समुद्रापासून फार दूर, बालाघाटच्या पठारावर वसला आहे. पाऊसही इथे बेताचाच. परंतु ज्या प्रदेशात पाणी कमी, तेथे इतिहास पाण्याच्या काठालाच वस्ती करतो. नळदुर्ग, परंडा आणि तेर ही तीन स्थळे त्याची साक्ष आहेत. दमछाक न होता, घरातील वडीलधाऱ्यांना व मुलांना बरोबर घेऊन हे तीन काठ कसे पाहावेत आणि तेथे काय वाचावे, हे सांगण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

पहिला मान नळदुर्गचा. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरील हा किल्ला खडकाळ पठारावर पसरलेला असल्याने डोंगरी किल्ल्यासारखी चढण येथे नाही. बहामनी सत्तेनंतर तो विजापूरच्या आदिलशाहीकडे आला, १६८६ मध्ये मोगलांनी घेतला आणि पुढे निजामाच्या राज्यात गेला. १८५३ च्या तहाने हा मुलूख काही वर्षे इंग्रजांच्या कारभाराखाली होता व १८६० मध्ये निजामाला परत मिळाला. त्या काळात येथे अधिकारी म्हणून राहिलेल्या मेडोज टेलरने आपल्या आत्मचरित्रात या किल्ल्याविषयी मोठ्या आवडीने लिहिले आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी, हैदराबादवरील लष्करी कारवाईच्या पहिल्याच दिवशी, भारतीय सैन्याने येथील बोरी नदीवरचा पूल ताब्यात घेतला. चारशे वर्षांपूर्वी जी नदी किल्ल्याचे बळ होती, तीच १९४८ मध्येही मोक्याची ठरली.

येथे पाहण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. पाणीमहालाकडे एकदम धावू नये. सकाळच्या उन्हात हुलमुख दरवाजाने आत शिरावे, वाकडी वळणे घेत जाणारी वाट व बाजूचे तट निरखावेत आणि आधी उपळी बुरुजाकडे जावे. ज्यांना पायऱ्या झेपतात त्यांनी वर जावे, इतरांनी खाली सावलीत बसावे. बुरुजावरून किल्ला, पलीकडचे रणमंडळ आणि मधली बोरी एका नजरेत येतात. किल्ला व रणमंडळ यांच्यामध्ये नदीवर धरण घालून दोन्ही एकत्र बांधून टाकले, ही गोष्ट वरून जशी कळते तशी खालून कळत नाही. मग नऊ पाकळ्यांचा नव बुरुज पाहावा आणि अखेरीस पाणीमहालात उतरावे. हा महाल धरणाच्या भिंतीच्या पोटात आहे. नदीला पाणी भरपूर आले की ते नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून कोसळते. महालाच्या सज्जापुढे पाण्याचा पडदा पडतो, आतील माणूस मात्र कोरडा राहतो. किल्ल्याला बारमाही पाणी, शत्रूला अडथळा आणि राजाला विसावा ही तिन्ही कामे एका भिंतीने केली.

ही भिंत कोणी बांधली? जुन्या गॅझेटिअरात तिचे श्रेय अली आदिलशहाला दिलेले आढळते. पाणीमहालातील फारसी शिलालेख मात्र दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाचे नाव आणि हिजरी १०२२, म्हणजे इसवी सन १६१३ चा काळ सांगतो. कारागिराचे नाव मीर इमादीन असे सांगतात. छापील पुस्तक एक म्हणते आणि दगड दुसरे म्हणतो, असा प्रसंग विद्यार्थ्याला वर्गात क्वचितच भेटतो. उर्दू शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना शिलालेखाची भाषा परकी वाटली तरी लिपी अगदीच अनोळखी नसते. त्यांनी दगडापुढे उभे राहून चार अक्षरे जरी स्वतः लावली, तरी इतिहास म्हणजे पाठ करण्याची यादी हा समज तेथेच गळून पडेल. मराठी शाळेतल्या मित्राला त्यांनी ती अक्षरे वाचून दाखवावीत. त्या मित्राने त्यांना एखाद्या मंदिरातला देवनागरी लेख वाचून दाखवावा. या जिल्ह्याचा इतिहास एकट्या लिपीत मावणारा नाही.

दुसरा काठ परंड्याचा, जिल्ह्याच्या पश्चिम भागातला. हा भुईकोट आहे. डोंगराचा आधार नाही, म्हणून तटाभोवती रुंद खंदक खणलेला. आधी खंदकाच्या कडेने फिरून मग आत जावे, म्हणजे तटाचे सामर्थ्य ध्यानात येते. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांनी घेतल्यावर मलिक अंबरने मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवून काही काळ येथूनच राज्य चालविले. विजापूरची प्रसिद्ध ‘मलिक-ए-मैदान’ तोफही एके काळी येथेच होती. रूमी, म्हणजे तुर्कांच्या मुलखातला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुहम्मद नावाच्या कारागिराने ती १५४९ मध्ये ओतली. ती सुमारे पंचावन्न टनांची असल्याचे सांगतात. १६३२ मध्ये हे धूड भीमेपलीकडे विजापूरला नेले गेले. तटावर उभे राहून मुलांना एवढेच विचारावे, की त्या काळच्या रस्त्याने, बैलांच्या बळावर हे काम कसे झाले असेल? शिक्षकाच्या व्याख्यानापेक्षा या प्रश्नावरचा मुलांचा वाद अधिक शिकवून जाईल.

तिसरा काठ तेरणेचा. समुद्राची ओढ असलेल्यांनी तेरला अवश्य जावे, कारण आपल्या जिल्ह्याचे समुद्राशी नाते येथेच जुळते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासग्रंथात ‘तगर’ नावाच्या नगराचा उल्लेख आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरील या नगरातून साधे कापड व नाना प्रकारची मलमल गाड्यांतून भडोचच्या बंदराला जात असे. १९०१ मध्ये फ्लीट या संशोधकाने हे तगर म्हणजेच तेर, असे दाखवून दिले. इथली नदी मांजरा व गोदावरीवाटे पूर्वेच्या समुद्राला मिळते, इथले कापड मात्र पश्चिमेच्या समुद्राकडे गेले.

तेरला वाट पूर्ण सपाट आहे. गावातले विटांचे त्रिविक्रम मंदिर पाहावे. त्याचा पाठीमागे गोलाकार होत गेलेला गाभारा मूळच्या बौद्ध चैत्याची आठवण देतो. नंतर तेरणेच्या काठी संत गोरोबाकाकांच्या समाधीपाशी विसावा घ्यावा आणि शेवटी रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे संग्रहालय पाहावे. लामतुरे यांनी गावच्या पांढरीतून निघालेल्या वस्तू वर्षानुवर्षे जमविल्या. तेरच्या वस्तूंत एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. ७९ साली ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतील पाँपेई शहरात १९३८ मध्ये सापडलेल्या भारतीय मूर्तीशी तिचे साम्य अभ्यासकांनी नोंदविले आहे. लामतुरे यांनी जमविले नसते तर यातील कित्येक वस्तू मुलांच्या खेळण्यात किंवा उकिरड्यात संपल्या असत्या. इतिहास राखायला राजाच लागतो असे नाही, हे या गावाने सिद्ध केले.

आता चार व्यवहाराच्या गोष्टी. नळदुर्गला पाऊसकाळाच्या अखेरीस जावे, मात्र बोरीला पाणी आल्याची खात्री करूनच. सांडवे वाहत असताना शेवाळलेल्या पायऱ्या घात करतात. तेथे मुलांचा हात सोडू नये, जलाशयात उतरू नये आणि पहारेकऱ्याने अडविले तर हुज्जत घालू नये. परंडा व तेर हिवाळ्यात सोयीचे. एका दिवशी एकच ठिकाण ठेवावे. सकाळी लवकर निघावे, पाणी व शिदोरी जवळ बाळगावी, एक शिक्षक पुढे व एक मागे असावा. चाल सर्वांत हळू चालणाऱ्याची धरावी.

आणि कोळसा-खडू घरी ठेवावा. पाणीमहाल बांधणाऱ्याचे नाव चारशे वर्षांनी आपण चाचपडत शोधतो. त्याच भिंतीवर आपले नाव दोन मिनिटांत खरडण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? वाचकहो, या हिवाळ्यात मुलांना घेऊन एक तरी काठ चालून या. परत आल्यावर त्यांना एक पान लिहायला सांगा. तेवढी सही पुरे आहे.