शस्त्राचा हक्क की शस्त्राची मक्तेदारी? बाबासाहेबांच्या दोन भूमिकांमागचा एकच विचार



आपल्या तरुणांच्या चर्चेत एक युक्तिवाद अधूनमधून ऐकू येतो. चातुर्वर्ण्याने खालच्या वर्गांच्या हातून शस्त्र काढून घेतले, म्हणून इथे सामाजिक क्रांती झाली नाही, असे बाबासाहेबांनी १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मांडले. मग अमेरिकेसारखा बंदूक बाळगण्याचा मूलभूत हक्क आपल्याकडे का नको?

प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर एका विधानावरून मिळणार नाही. त्यासाठी इतिहास बघावा लागेल.

१ जानेवारी १८१८ रोजी भीमा कोरेगावला महार सैनिक लढले. त्यानंतरही अनेक दशके मुंबई लष्करात महारांची भरती होत राहिली. मात्र १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी 'लढाऊ जमातीं'चा सिद्धांत पुढे करून ही भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध अर्ज-विनंत्या केल्या. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा महार पलटण उभारली आणि युद्ध संपताच ती मोडली. महार रेजिमेंट उभी राहिली ती थेट १९४१ साली. रणांगणावर लायकी सिद्ध झाली होती, तरीही हातात बंदूक द्यायची की नाही हे जात पाहूनच ठरले.

नागरी कायद्याचीही तीच गत. १८७८चा शस्त्र कायदा लिटनच्या काळात आला. भारतीय माणसाला परवाना सक्तीचा झाला आणि युरोपियनांना सूट मिळाली. या अपमानाला उत्तर म्हणून काँग्रेसने १९३१च्या कराची ठरावात, नियमांच्या अधीन राहून, शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला. डिसेंबर १९४८मध्ये ह. वि. कामत यांनी संविधान सभेत हा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती सुचवली. बाबासाहेबांनी तिला विरोध केला. कोणीही बाजारात जाऊन हवे ते हत्यार विकत घेऊ लागला तर राज्यकारभार चालणार कसा, असा त्यांचा मुद्दा होता. दुरुस्ती मंजूर झाली नाही.

मग १९३६चे बाबासाहेब खरे की १९४८चे? माझे म्हणणे असे की दोन्ही भूमिका एकाच विचाराच्या आहेत. १९३६मध्ये त्यांचा हल्ला शस्त्रावरील जातीच्या मक्तेदारीवर होता. १९४८मध्ये शस्त्राचा बाजार मोकळा झाला असता, तर ज्याच्याकडे जमीन, पैसा आणि पाटीलकी होती त्याच्याच घरात बंदुका जमल्या असत्या. शेतमजुराच्या झोपडीत 'हक्क' आला असता, बंदूक नाही.

अमेरिकेचा अनुभव हेच सांगतो. तिथे १७९१पासून संविधानात शस्त्राचा हक्क आहे. पण गुलामगिरी संपताच १८६५ साली मिसिसिपी राज्याने मुक्त झालेल्या काळ्यांना परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यास बंदी केली. १९५६ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला. त्यांनी पिस्तुलाचा परवाना मागितला, तो नाकारला गेला. पुढे ब्लॅक पँथरचे कार्यकर्ते कॅलिफोर्नियात उघडपणे बंदुका घेऊन पोलिसांवर लक्ष ठेवू लागले, तेव्हा १९६७ साली गव्हर्नर रेगन यांच्या सहीने मलफोर्ड कायदा आला आणि ती मुभा काढून घेण्यात आली. ज्यांच्या नावावरून १९७२ साली आपल्या दलित पँथरने नाव घेतले, त्यांचा हा अनुभव आहे. लिहिलेला हक्कसुद्धा वंश पाहून लागू झाला.

आता आपला आजचा कायदा पाहा. १९५९च्या शस्त्र कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि सामान्य परवानाधारकाची मर्यादा तीन बंदुकांवरून दोनवर आली. नामांकित नेमबाजांना मात्र २०२०च्या अधिसूचनेने प्रकारानुसार १२ पर्यंत शस्त्रे ठेवता येतात. ही सवलत चूक नाही. २५ मीटर स्पर्धेच्या पिस्तुलाची लाकडी मूठ खेळाडूच्या पंजाप्रमाणे घासून बसवतात, ट्रिगरचा दाब किमान १००० ग्रॅम राखून आपल्या बोटाला जमवतात, वजनाचा तोल साधतात. एका प्रकाराचे पिस्तूल दुसऱ्या प्रकाराला चालतेच असे नाही. कायद्याने ही गरज समजून घेतली. म्हणजे मनात आणले तर सरकार नेमकी गरज ओळखून नेमका नियम करते आणि तो पाळतेही.

मग आपल्या गरजेचे काय? तिच्यासाठीही नियम आहे! ॲट्रॉसिटी कायद्याखालील १९९५च्या नियमांतील नियम ३ वाचा. अत्याचाराची शक्यता असलेली क्षेत्रे राज्य सरकारने निश्चित करायची. तिथल्या अनुसूचित जाती-जमातींबाहेरील लोकांचे शस्त्रपरवाने आवश्यक वाटल्यास रद्द करून शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करून घ्यायची. बेकायदा बंदुका जप्त करायच्या. आणि गरज असल्यास, जीवित व मालमत्तेच्या रक्षणासाठी, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना परवाने द्यायचे.

हा नियम कागदावर असतानाच १ डिसेंबर १९९७ रोजी बिहारच्या लक्ष्मणपूर बाथे गावात रणवीर सेनेने ५८ जणांना गोळ्या घातल्या. शिक्षा झालेल्या सर्व २६ जणांना पाटणा उच्च न्यायालयाने २०१३ साली निर्दोष सोडले.

नियम ३ म्हणजे बाबासाहेबांच्या दोन्ही भूमिकांचे कायद्यातले रूप आहे. आधी मक्तेदारी मोडा, मग शस्त्र राज्याच्या नियंत्रणात ठेवून, ज्याला खरा धोका आहे त्याला संरक्षण द्या. या नियमाचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी अत्याचाऱ्याची बंदूक जमा होते, आपल्या परवान्याचा विचार नंतर येतो.

म्हणून अमेरिकन घोषणा उसन्या आणू नका. माहिती अधिकारात विचारा: आपल्या जिल्ह्यात अत्याचारप्रवण क्षेत्रे कोणती ठरवली? नियम ३ खाली किती परवाने रद्द झाले, किती शस्त्रे जमा झाली, आपल्या लोकांचे किती अर्ज मंजूर झाले? जिल्हा दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हायलाच हवी आणि तिचा अध्यक्ष जिल्हाधिकारी असतो. ग्रामीण भागात शस्त्रपरवानाही तोच देतो. उत्तर देणारा माणूस समोरच बसलेला आहे. त्याला लेखी विचारा.

जय भीम! जय संविधान!